आरोपीला वकील कशाला?

रामशास्त्री प्रभुणे यांचे अध्ययन काशीत झाले, ही गोष्ट येथे राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना भूषणावह वाटते. सत्ताधीशाची भीड न धरणारा न्यायाधीश म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु न्यायासनाला धाक केवळ राजाचाच असतो असे नाही. क्षुब्ध लोकमताचा धाकही असतो, आणि तो अधिक दुर्धर. कारण त्या लोकमतात आपण स्वतःच सामील असतो.

७ मार्च २००६ रोजी, मंगळवारी, संकटमोचन मंदिरात आणि कॅण्टोन्मेण्ट रेल्वे स्थानकावर बाँबस्फोट झाले. दर्शनाला आलेली व गाडीची वाट पाहणारी निरपराध माणसे प्राणांस मुकली. त्या वेळचा संताप खरा होता आणि योग्यही होता. पण पुढे आरोपी पकडला गेला, तेव्हा येथील वकिलांनी त्याचे वकीलपत्र घेण्याचे नाकारले. अखेर अलाहाबाद उच्च न्यायालयाने खटला गाझियाबादला पाठविला. शिक्षेचा निकाल लागला तो जून २०२२ मध्ये, सोळा वर्षांनंतर! विलंबाचे सारे खापर आम्ही एका बहिष्कारावर फोडत नाही. परंतु ज्या नगराला जखम झाली, त्या नगराच्या कचेरीत न्याय झाला नाही, हे त्या बहिष्काराचे प्रत्यक्ष फळ होय.

‘नराधमाला वकील कशाला?’ असा प्रश्न सुशिक्षितही विचारतात. आमचे उत्तर सरळ आहे : तो नराधम आहे की नाही, हेच तर ठरावयाचे असते. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या माणसाला पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क दिला. १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या ३९-अ ने निर्धनाला मोफत विधिसाहाय्य देण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले. एखाद्या वकिलाने विशेष कारणास्तव एखादे काम न घेणे वेगळे, आणि संपूर्ण संघाने ठराव करून न्यायालयाचे दार अडविणे वेगळे. असे ठराव संविधानाशी विसंगत व शून्यवत आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. आणि तो प्रसंग कोणता होता? कोइमतूरच्या वकिलांनी बहिष्कार टाकला होता तो दहशतवाद्यांवर नव्हे, तर पोलिसांवर! हे शस्त्र एकदा उपसले की ते कोणावर पडेल, याचा नेम नाही.

मुंबईचे उदाहरण पाहावे. २००८ च्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबचे वकीलपत्र घेण्यास तेथेही प्रारंभी विरोध झाला. तरीही न्यायालयाने त्याला वकील दिला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याची बाजू मांडली गेली. आणि चार वर्षांच्या आत त्या निकालाची अंमलबजावणी येरवड्यात झाली. त्यामुळे मुंबईचे शौर्य उणावले काय? उलट, त्या निकालाकडे बोट दाखविण्यास जगाला जागा उरली नाही.

आमचे बहुसंख्य वाचक सरकारी सेवेत आहेत. त्यांना ३११ वा अनुच्छेद मुखोद्गत असतो. आरोप कळविल्यावाचून आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून एरवी आपल्याला बडतर्फ करता येत नाही, या भरवशावर आपण परमुलुखात निर्धास्त झोपतो. खात्याची चौकशी निघाली, तर बचावाला साहाय्यक कोण मिळेल याची पहिली विचारपूस आपण करतो. ज्याची फक्त नोकरी पणाला लागते त्याला हे संरक्षण हवे, आणि ज्याचा प्राण पणाला लागतो त्याला मात्र नको, हा कोणता न्याय?

संकटमोचनाच्या पायरीवर मृत्युमुखी पडलेल्यांचे ऋण सूडाने फिटणार नाही. दोन्ही बाजू ऐकून दिलेला निकालच ते फेडू शकतो. म्हणून, कचेरीत असा ठराव पुन्हा कधी झाला, तर टाळ्या वाजविणाऱ्यांत आपण नसावे. रामशास्त्र्यांचे नाव घेणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा आम्ही खचित करतो.