डिझेलचा कर आणि बाकांची अदलाबदल



वर्षाचा खर्च वहीत मांडताना डिझेलच्या रकान्यावर अडकलो, म्हणून आज कीड-रोगाची नोंद नाही, कराची आहे. राजकारण नको म्हणणाऱ्यांनी वाचू नका हवं तर. पण टाकीत ओतलेल्या प्रत्येक लिटरमध्ये ते आहेच.

आधी हिशोब. आपल्याकडे डिझेलवर राज्याचा व्हॅट २१ टक्के. पंपावर ९० रुपये भाव धरला तर त्यात राज्याचे साधारण साडेपंधरा. माझ्या ४५ एचपीला नांगरटीपासून माल बाजारात नेईपर्यंत वर्षाला ३०० लिटर लागतं. म्हणजे ४,६०० रुपयांच्या वर गेले. नमो शेतकरीचे वर्षाला ६,००० येतात, त्यातले बारा आणे पंपावरच परत! कारखानदार खरेदीवरचा जीएसटी वळता करून घेतो. डिझेल जीएसटीत नाही, आणि असतं तरी आपण वळता कुणाकडून करणार?

आता हा कर कसा हलला ते बघा. ऑक्टोबर २०१५, फडणवीस सरकार. दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये लावले. ज्याचं पीक करपलं त्याच्याच ट्रॅक्टरकडून, त्याच्याच गावाला पाणी आणणाऱ्या टँकरकडून दुष्काळाचा पैसा! तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीवाले ओरडले, आणि बरोबरच ओरडले. २०१६ ला पाऊस चांगला झाला. दुष्काळ गेला, पण उपकर त्याच्याबरोबर गेला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये पेट्रोलवर २ आणि डिझेलवर १ रुपया कमी केला, तोही चहूकडून बोंब झाल्यावर.

मग ओरडणारेच खुर्चीत आले. जून २०२०, लॉकडाऊन, भाजीपाला शेतात सडतोय, आणि महाविकास आघाडीने लिटरला २ रुपये वाढवले. आता ओरडायची पाळी भाजपची. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने अबकारी डिझेलवर १० आणि पेट्रोलवर ५ रुपयांनी उतरवली. भाजपच्या राज्यांनी व्हॅट कमी केला, आपल्याकडे नाही. कारण काय, तर केंद्राकडे जीएसटीचे पैसे अडकलेत. अडकले होते हे खरंच. पण त्याची वसुली आमच्या टाकीतून कशाला?

मे २०२२ ची गंमत तर वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे. केंद्राने पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये कमी केले. लगेच राज्याने जाहीर केलं, आम्हीही पेट्रोलवर २.०८ आणि डिझेलवर १.४४ कमी केले. कॅल्क्युलेटर घ्या. मुंबईत तेव्हा व्हॅट पेट्रोलवर २६ टक्के, डिझेलवर २४. आठाचे २६ टक्के २.०८, सहाचे २४ टक्के १.४४. अबकारीवरही व्हॅट लागतो, म्हणून ती उतरली की तेवढा व्हॅट आपोआपच उतरतो. बैल स्वतः उठला आणि मालक म्हणतो मी उठवला.

दोन महिन्यांत सरकार बदललं. १४ जुलै २०२२ ला शिंदे-फडणवीसांनी पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी उतरवलं. बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. पण मोठी सूट पेट्रोलला आणि धाकटी डिझेलला.

त्यानंतर जून २०२४ चं बजेट, विधानसभा चार-पाच महिन्यांवर. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलचा व्हॅट २४ वरून २१. त्यांचा दर आपल्यापेक्षा जास्त होता, तो आपल्याएवढा केला, त्यात चूक नाही. मात्र आपले २१ तसेच राहिले. अर्थमंत्री कोण? अजित पवार. २०२१ ला केंद्राने अबकारी उतरवूनही व्हॅट कमी झाला नाही, तेव्हाही तेच.

सरकारला पैसा लागतो हे मला कळतं. रस्ता, शाळा, पगार काही आभाळातून पडत नाही. राग एवढ्याचाच, की विरोधी बाकावर जी लूट असते ती सत्तेच्या बाकावर ‘राज्याची गरज’ होते. माणसं तीच, कागद तोच, बाक तेवढे बदलतात. आणि आपण आपापल्या पक्षाचा झेंडा घेऊन त्यांच्या बाजूने एकमेकांशी भांडतो.

मागणी सरळ आहे. आपल्याच राज्यात मच्छीमारांच्या यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो, सोसायटीमार्फत. रखडतो, त्यासाठी त्यांना भांडावं लागतं, पण नियम आहे. मग सातबारा आणि ट्रॅक्टरचं आरसी बुक दाखवून शेतकऱ्याला एकरी ठराविक लिटरचा परतावा का नको? ट्रॅक्टर भाड्याने लावणाऱ्या लहान शेतकऱ्याला तो कसा पोचवायचा, हा अवघड भाग आहे, तिथे कृषी खात्यातल्या मंडळींनी डोकं लावावं.

एकरी लिटर किती, हे सरकारला आपणच दाखवायला हवं. पंपावरच्या पावत्या फेकू नका. पीक, जमीन हलकी की भारी, ट्रॅक्टर किती एचपीचा, कोणत्या कामाला एकरी किती डिझेल, एवढं खाली लिहा. माझ्याकडे भारी जमिनीत रोटाव्हेटरला एकरी पाच लिटर जातं.