संबंधाकृती : परिशिष्टातील शोभा नव्हे, अव्वल दर्जाचे साधन

१/ डेटाबेसमधील तक्त्यांचे परस्परसंबंध दाखवणारी आकृती प्रकल्पाच्या शेवटच्या दिवशी एका कळीसरशी काढायची, ए-४ कागदावर मावेल इतकी आक्रसायची आणि परिशिष्टात डकवून मोकळे व्हायचे, ही संगणकक्षेत्रातील रूढ चाल आहे. ती चुकीची आहे. का चुकीची, याचे उत्तर या आकृतीच्या इतिहासातच आहे.

२/ १९६० च्या दशकाच्या आरंभी चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये 'इंटिग्रेटेड डेटा स्टोअर' ही प्रणाली उभारली. तीत प्रत्येक नोंद पुढच्या नोंदीकडे नेणारा दुवा स्वतःजवळ बाळगीत असे. १९६९ मध्ये त्यांनी या रचनेची आकृती मांडली : चौकट म्हणजे नोंदींचा प्रकार, बाण म्हणजे एकाचा अनेकांशी असलेला संबंध. कागदावरील बाणामागे यंत्रातील खरीखुरी वाट होती.

३/ १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी या वाटाच पुसल्या. त्यांच्या प्रतिमानात फक्त तक्ते उरले. ग्राहकाचा क्रमांक दोन तक्त्यांत आढळला, की नाते जुळले. १९७४ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे या दोन पक्षांचा प्रसिद्ध वाद झडला. पुढे व्यवहारात कॉड यांचा पक्ष सरस ठरला.

४/ या विजयाची एक किंमत होती : संबंध डोळ्यांआड गेले. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी नेमके यावरच बोट ठेवले. केवळ तक्त्यांच्या मांडणीत वास्तव जगाविषयीचा काही महत्त्वाचा अर्थ हरवू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी आयतात वस्तू आणि समभुज चौकोनात संबंध दाखवला. म्हणजे संबंधाकृती जन्मली ती अर्थ जपण्यासाठी. सजावट हा तिचा हेतू कधीच नव्हता.

५/ प्रतिपक्ष म्हणतो, "आकृती हवी तेव्हा यंत्राकडून काढून घेता येते, कागद कशाला?" हा युक्तिवाद तपासून पाहावा. २०१० मध्ये ५.५ ही आवृत्ती येईपर्यंत मायएसक्यूएलचे मूळ इंजिन मायआयसॅम होते. फॉरेन कीची व्याख्या लिहिली, तरी ते ती मुकाट्याने सोडून देई. अशा डेटाबेसची आकृती यंत्राकडून काढली, तर सुटी बेटे दिसतात. संबंध होते, पण ते आज्ञावलीत आणि ती लिहिणाऱ्यांच्या डोक्यात होते. यंत्र घोषित केलेले तेवढेच जाणते.

६/ साधनांवर विसंबणेही धोक्याचे. एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओच्या १८.० या आवृत्तीतून २०१९ मध्ये डेटाबेस-आकृत्यांची सोय काढून टाकण्यात आली. वापरकर्त्यांनी ओरड केल्यावर १८.१ मध्ये ती परत आली. शिवाय या आकृत्या त्याच डेटाबेसमधील एका तक्त्यात साठवल्या जातात. घर जळाले, तर घराचा नकाशाही त्यातच जळणार!

७/ मग मांडणी कशी असावी? साऱ्या तक्त्यांचे एकच जाळे छापणे म्हणजे काहीच न छापणे. पहिल्या पानावर केवळ मुख्य तक्त्यांची नावे आणि त्यांचे संबंध असावेत. पुढे विषयवार पाने : विक्री, साठा, हिशेब. मूळ तक्ता वर, आश्रित तक्ते खाली. रेषा शक्यतो एकमेकींना छेदू नयेत. दुसऱ्या पानावरून आलेला तक्ता तुटक चौकटीत दाखवावा आणि त्याच्याशेजारी मूळ पानाचा क्रमांक द्यावा. जो संबंध डेटाबेसमध्ये घोषित नाही, तो वेगळ्या रेषेने हातानेच काढावा. भावी अभ्यासकाला त्याचीच सर्वाधिक गरज भासते.

८/ छपाईतही हलगर्जीपणा नको. अक्षरे वाचता येत नसतील, तर ए-३ कागद घ्यावा किंवा पान विभागावे. केवळ रंगावर अर्थ टांगू नये. झेरॉक्समध्ये रंग मरतो. प्रत्येक पानावर प्रकल्पाचे नाव, आवृत्ती, दिनांक आणि चिन्हांची सूची असावी. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधील संबंधांचा अहवाल हा काढला त्या दिवसाचा असतो. पुढे संबंध बदलले, तरी जतन केलेला अहवाल आपोआप बदलत नाही. कालनिर्देश नसलेली आकृती ही तिथी नसलेल्या पत्रासारखी होय. नवी आकृती आली म्हणून जुनी फेकू नये. रचना केव्हा बदलली, याचा तीच पुरावा असते.

९/ स्वित्झर्लंडच्या संघीय अभिलेखागाराने डेटाबेसच्या दीर्घकालीन जतनासाठी सिआर्ड हे स्वरूप विकसित केले. त्यात तक्त्यांसोबत घोषित संबंधही जतन होतात. हे कार्य मोलाचे आहे. परंतु मुळात जे कुठे नोंदवलेच नाही, ते कोणतेही अभिलेखागार मागाहून निर्माण करू शकत नाही.

१०/ आज सातबाराही डेटाबेसमधून निघतो. उद्याच्या इतिहासकारापुढे मोडीतील रुमाल नसतील, तक्ते असतील. त्यांतील आकडे शाबूत राहतील. पण कोणता आकडा कोणाचा, हे सांगणारा कागद नसेल, तर ते साधन असूनही मुके ठरेल. आकृती परिशिष्टात ढकलणारे हात केवळ दस्तऐवजीकरणाचा कंटाळा करीत नाहीत. ते उद्याच्या वाचकाचा पुरावा आजच नष्ट करीत आहेत.