थिबा पॅलेसमध्ये आधी कैद दाखवा

रत्नागिरीच्या थिबा पॅलेसच्या आवारात शिरणाऱ्याला आधी दिसतो तो देखणा वाडा. उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरचे लाकडी कोरीव काम आणि टेकडीवरून दिसणारी भाट्याची खाडी. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी कैदेत ठेवले तेही इतक्या थाटात, असे म्हणत पाहुणा फोटो काढतो आणि निघतो. हा समज चुकीचा आहे आणि तो या इमारतीच्या रुबाबामुळेच होतो. राज्य पुरातत्त्व खात्याने इथे वस्तुसंग्रहालय केले, वास्तूला संरक्षण दिले, हे चांगलेच झाले. आता वास्तूच्या सौंदर्याइतकाच, किंबहुना त्याआधी, तिथल्या स्थानबद्धतेचा इतिहास मांडला पाहिजे.

राजा थिबाने नोव्हेंबर 1885 मध्ये आपल्या राजधानीत, मंडालेत, इंग्रजांपुढे शरणागती पत्करली, तेव्हा तो 26 वर्षांचा होता. काही महिने मद्रासला ठेवून एप्रिल 1886 मध्ये त्याला बोटीने रत्नागिरीत आणले. हा पॅलेस तयार झाला 1910 मध्ये आणि डिसेंबर 1916 मध्ये राजा वारला. म्हणजे रत्नागिरीतल्या तीस वर्षांच्या वास्तव्यातली जेमतेम सहा वर्षे या घरात गेली, बाकीची सगळी सरकारने घेतलेल्या बंगल्यांमध्ये. सोबत आणलेले जडजवाहीर विकत विकत संपले, डोक्यावर कर्ज झाले. रत्नागिरीचीच निवड का, याचे उत्तर भूगोलात आहे. रेल्वे नाही, एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि पावसाळ्यात आगबोटीही बंद. बंदर असूनही वर्षातले काही महिने जगापासून तुटलेले गाव कैद्याला ठेवायला सोयीचेच होते. कोकण रेल्वे पूर्ण होऊन या मार्गावर गाड्या धावू लागल्या त्या 1998 मध्ये.

यावर एक आक्षेप हमखास येतो. राजाला तनखा होता, नोकरचाकर होते, पुढे मोटारीही होत्या, मग एवढे दुःख कसले? पण गावाबाहेर पाऊल टाकायला परवानगी लागत होती आणि भेटायला येणाऱ्यांवर नजर होती. या बंदिवासाची खरी किंमत त्याच्या चार मुलींनी मोजली. बापाच्या राजकीय धोक्यापायी त्या परक्या गावात चार भिंतींआड वाढल्या. राजघराण्याला साजेसा वर मिळेना आणि सरकारला जमेल असा वर राजाला पसंत पडेना. थोरलीचे सूत बंगल्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याशी जुळले. 1906 मध्ये तिला मुलगी झाली आणि ही राजाची नात पुढे रत्नागिरीतच, मराठी बोलत, गरिबीत जगली. 2000 मध्ये ती वारली. राजाच्या मृत्यूनंतर राणी सुपयालत 1919 मध्ये रंगूनला परतू शकली, पण पतीचा देह मायदेशी न्यायची परवानगी तिला मिळाली नाही. थिबाची समाधी आजही रत्नागिरीत आहे. माझ्या मते तिच्याकडे लक्ष दिल्याशिवाय पॅलेसची गोष्ट अर्धीच राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गादीवर आल्यानंतर 1879 मध्ये थिबाच्या दरबाराने राजघराण्यातल्या अनेकांची कत्तल करवली. अशा माणसाचे स्मारक कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मी गौरव मागत नाही, इतिहास मागतो आहे, आणि त्या इतिहासात ही कत्तलही यावी. इंग्रजांनी मात्र तिचे भांडवल केले, आणि युद्धाचे निमित्त निराळेच निघाले. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईच्या कंपनीने सागवानाचे ओंडके कमी दाखवले, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड केला आणि या भांडणातून 1885 चे युद्ध पेटले. त्यात लढणाऱ्या फौजेत हिंदी शिपाईही होते. 1 जानेवारी 1886 रोजी जिंकलेला प्रदेश खालसा झाला आणि 1937 पर्यंत ब्रह्मदेशाचा कारभार हिंदुस्थानचा प्रांत म्हणून चालला. म्हणून ‘हा तर म्यानमारचा इतिहास, आपल्याला काय त्याचे’ असे म्हणणाऱ्यांना मुंबईच्या पैशाचा आणि हिंदी बंदुकांचा हिशोब द्यावाच लागेल.

आणि रत्नागिरीचा स्वतःचा हिशोब तर याहून ठळक आहे. याच गावात जन्मलेल्या टिळकांना 1908 मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवले ते मंडालेला. 1914 पर्यंत ते तिथे होते. म्हणजे थिबाच्या राजधानीत रत्नागिरीचा माणूस कैदेत, आणि टिळकांच्या जन्मगावी मंडालेचा राजा कैदेत! पुढे 1924 पासून 1937 पर्यंत सावरकरांवर रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याची बंदी होती. थिबा-टिळकांसारख्या माणसाला त्याच्या मुलखातून उचलायचे आणि जिथे त्याची भाषा कुणी बोलत नाही अशा ठिकाणी नेऊन सोडायचे, हा साम्राज्याच्या राज्यकारभाराचाच भाग होता. बहादूरशहा जफरला रंगूनला धाडण्यात हीच रीत होती. टिळकांचे मंडाले आपण शाळेतल्या पुस्तकात वाचतो आणि थिबाची रत्नागिरी सहलीच्या यादीत टाकतो. हा भेद इतिहासाला धरून नाही.

पैसा नाही, असे कुणी म्हणेल. पण मला नवे दालन नको आहे. थिबाच्या नजरकैदेवरचा मुंबई सरकारचा पत्रव्यवहार, तनख्याचे आणि खर्चाचे वाद, मुलींच्या लग्नाबद्दलचे अहवाल यांतल्या निवडक कागदांच्या प्रती, मराठी भाषांतरासह, भिंतीवर लावायला फारसा खर्च येत नाही. पुरातत्त्व खात्याने आणि रत्नागिरीच्या नगरपरिषदेने मिळून एक साधा फलक प्रवेशद्वाराशीच लावावा. त्यावर राजाला रत्नागिरीत आणल्याचे, पॅलेस तयार झाल्याचे आणि त्याच्या मृत्यूचे वर्ष असावे, आणि मजकूर मराठीबरोबर ब्रह्मी भाषेतही असावा.