‘घरचा माणूस’ आणि त्याचे नाव

खंडेनवमीला एखाद्या जुन्या, घरगुती मालकीच्या कारखान्यात जाण्याचा योग आला तर तो चुकवू नये. आदल्या दिवशी दुपारीच यंत्रे थांबवून ती पुसून लखलखीत केलेली असतात. लेथवर झेंडूच्या माळा, ड्रिलिंग मशीनवर हळदकुंकवाची बोटे, एरवी तेलकट असणाऱ्या फरशीवर रांगोळी. मालक सहकुटुंब येतात. ऑफिसातील संस्थापकांच्या तसबिरीला हार घातला जातो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. मग मालक मागे वळून गर्दीतल्या एका पांढऱ्या केसांच्या फोरमनला पुढे बोलावतात आणि नव्या सुनेला सांगतात, “यांना नमस्कार कर. हे आपल्या घरचेच. दादांच्या वेळेपासून आहेत.” सून वाकते. फोरमन अवघडून हात जोडतो. क्षणभर सगळ्यांनाच भरून येते.

हा प्रसंग खोटा नसतो. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, त्या क्षणी मालकाच्या डोळ्यांतले पाणीही खरे असते. तरीही त्या दिवशी घरी परतताना एक प्रश्न मनात रेंगाळतो. तीस-पस्तीस वर्षे ‘घरचा’ असलेल्या या माणसाचे पूर्ण नाव सुनेला कोणी सांगितले का?

आपल्याकडचे उद्योगधंदे बहुतांशी घराण्यांनी उभे केले. सांगलीतील हळदीची अडत असो, इचलकरंजीचे यंत्रमाग असोत, कोल्हापूरची फाउंड्री असो किंवा पुण्यातील छापखाना असो, पाटीवर आडनाव एका घराण्याचे असते. पण पाटीच्या मागे दिवाणजी असतात, जॉबर असतो, मोल्डर असतो, स्टोअरकीपर असतो. कोणत्या गिऱ्हाइकाला उधारी द्यावी, कोणत्या भट्टीचा कोणता कोपरा रुसतो, कोणती किल्ली कुठल्या खिळ्याला आहे, हे त्यांना माहीत असते. धंदा चालतो तो या माहितीवर. ती ताळेबंदात कुठेच दिसत नाही. माणूस निवृत्त झाला की ती त्याच्या डब्याबरोबर घरी जाते.

अशा माणसांचा विचार करताना किर्लोस्करवाडीची आठवण होणे अपरिहार्य आहे. मराठी माणसाने उभ्या केलेल्या घरगुती उद्योगाची ती सर्वांत ठळक कथा आहे आणि ती आपल्याला बहुधा एकाच माणसाची कथा म्हणून सांगितली गेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवीत होते. तेथे अपेक्षित बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. हा तपशील महत्त्वाचा आहे. पुढे शेकडो माणसांचा मालक झालेला हा माणूस आधी स्वतः असा नोकर होता, की ज्याच्या गुणाची किंमत वरच्यांनी केली नाही.

बेळगावात त्यांनी थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चालवले, मग लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे नगरपालिकेच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळच्या त्या ३२ एकरांच्या माळावर निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. १९१० च्या मार्च महिन्यात तेथे वसाहतीला सुरुवात झाली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले, त्याच्या नावातही हा निवडुंग आहे. कुंडल रोड स्टेशनचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले.

पण निवडुंग कापला कोणी? लक्ष्मणरावांबरोबर त्या माळावर काही कामगार आपल्या बायकामुलांसह गेले होते. शाळा नाही, दवाखाना नाही, रात्री दिवा नाही, अशा जागी संसार हलवायला त्या बायकांनी कसा होकार दिला असेल? त्यांनी मांडलेल्या चुली हेही त्या उद्योगाचे भांडवलच होते. कुठल्याही भागपत्रावर त्याची नोंद झाली नाही.

या मंडळींपैकी काहींची नावे मात्र सुदैवाने टिकली आहेत. यंत्रांच्या कामात मुरलेले शंभुराव जांभेकर होते. पडेल ते काम अंगावर घेणारे व्यवस्थापक के. के. कुलकर्णी होते. कारकुनी आणि हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे होते. शाळा अर्धवट सुटलेली असूनही कल्पक इंजिनिअर ठरलेले अनंतराव फाळणीकर होते. यातील कोणालाही आजच्या पद्धतीने मुलाखत घेऊन निवडायचे म्हटले असते तर कितीजण पहिली चाळणी पार करू शकले असते, याची शंकाच आहे. लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्राकडे पाहिले नाही, हाताकडे पाहिले. स्वतःच्या बढतीचा अनुभव ते विसरले नव्हते, असेच म्हणावे लागेल.

आणखी दोन नावे आहेत. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली ही माणसे वाडीचे विश्वासू पहारेकरी झाली. औंध संस्थानाने पुढे १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली आणि त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला, व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट जन्माला आला, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. पण ज्यांच्याकडे सरकार आणि गाव दोघेही संशयाने पाहत, अशांच्या हाती रात्रीचे राखण सोपवण्याचे धाडस त्याच संस्थानात एका कारखान्याने आधीच केले होते. त्यात भूतदयेपेक्षा धंद्याची जाणती नजर अधिक होती. ज्याच्यावर कोणीच विश्वास टाकला नाही, त्याच्यावर आपण टाकला तर तो माणूस तो विश्वास जिवापाड जपतो, हे मालकाने ओळखले होते.

येथे एक गोष्ट खटकते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ही नावे पुन्हा एकदा वाचून पाहा. शंभुराव, मंगेशराव, अनंतराव. आणि नंतर तुकाराम, पिऱ्या. ऑफिसातल्या आणि यंत्रावरच्या माणसांना ‘राव’ लागले, त्यांच्या आडनावांनी त्यांची घराणी ओळखली जातात. फाटकावरच्या माणसांच्या वाट्याला आडनावाच्या जागी जात आली. काळाच्या मानाने पुष्कळ पुढे असलेल्या वाडीचीही आठवण इतिहासाने अशी लिहून ठेवली. पडद्यामागेही पुढची रांग आणि मागची रांग असतेच. या दोघांची नावे निदान टिकली, हे त्यातल्या त्यात बरे. ज्यांनी ओतकामाच्या भट्टीसमोर जन्म काढला त्यांतल्या किती जणांचे नुसते नाव तरी आपल्याला सांगता येईल?

घरगुती उद्योगाच्या वातावरणाला दोन बाजू आहेत. चांगली बाजू थोडीथोडकी नाही. मंदीच्या दिवसांत मोठी कंपनी हिशेबाचा कागद पाहून माणसे कमी करते. घरगुती धंद्याचा मालक अनेकदा स्वतःच्या घरचे दागिने गहाण टाकून पगार करतो. कामगाराची आई आजारी पडली तर मालकाची गाडी दवाखान्यात जाते. मुलीच्या लग्नात मालकीणबाई स्वतः येऊन आहेर करतात. असा ओलावा कोणत्याही कायद्याने निर्माण होत नाही. ज्या कारखान्यात तो आहे तेथील माणसे संकटात पाठ फिरवीत नाहीत. गांधीहत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. तो पुन्हा उभा राहिला. राख उपसायला आणि यंत्रे पुन्हा बसवायला लागणारे हात काही कोणत्याही बँकेतून कर्जाऊ मिळत नाहीत.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ‘घरच्या माणसा’ला नेमणुकीचे पत्र कशाला, असे म्हटले जाते. त्याच्या कामाला वेळ नसते, कारण घरच्या कामाला कुठे वेळ असते? पगारवाढ मागणे त्याला जड जाते, कारण घरात कोणी मागत नाही. ज्याला आहेर मिळतो, त्याला आपला भविष्यनिर्वाह निधी नियमित भरला जातो की नाही, हे विचारण्याचा संकोच वाटतो. घरातल्या धाकट्या भावाप्रमाणे त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा असते, पण वाटणीच्या वेळी तो घरचा नसतो. मालकांचे दोन भाऊ वेगळे होतात, गोदामे, यंत्रे आणि गिऱ्हाइके वाटली जातात. दिवाणजींना मात्र कुणाकडे जावे हे कळत नाही. एकाकडे गेले तर दुसऱ्याच्या लेखी ते बेइमान.

यावर उपाय म्हणून देशाने कायदे केले, ते उगाच नव्हेत. १९४८ चा कारखाना कायदा, १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आणि १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा हे त्यातील प्रमुख टप्पे. ग्रॅच्युइटी या शब्दाचा मूळ अर्थच कृतज्ञतेची भेट, बक्षिसी असा आहे. मालक खूश असेल तर द्यायचा, नसेल तर नाही. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षे सलग नोकरी केलेल्याला नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ठरवून दिला आणि बक्षिसीचे हक्कात रूपांतर केले. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचे कायदे एकत्र आणले गेले. या सगळ्या प्रवासाचे मर्म एवढेच की, म्हातारपणी माणसाला कोणाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून राहावे लागू नये.

पुष्कळ मालकांना कायद्याची ही भाषा रुचत नाही. ‘आम्ही त्याला मुलासारखे वागवले आणि तो कागद मागतो?’ असे ते दुखावून म्हणतात. त्यांचे दुखावणे समजण्यासारखे आहे, पण त्यात एक गफलत आहे. आपण आपल्या पोटच्या मुलांसाठी मृत्युपत्र करतोच ना? ते प्रेम कमी असते म्हणून करत नाही. आपल्यामागे कुणाची आबाळ होऊ नये म्हणून करतो. कागद हा मायेचा शत्रू नाही. माया करणारा माणूस आज आहे, उद्या नसेल. गादीवर त्याचा मुलगा येईल, त्याच्यानंतर नातू येईल. नातवाला या फोरमनने आपल्याला खांद्यावर बसवून कारखाना दाखवला होता, हे आठवेलच याची हमी कोण देणार? कागदाला मात्र सगळे आठवते.

मग घरगुती उद्योगात माणूस खरोखर घरचा आहे की नाही, हे ओळखायचे कसे? खंडेनवमीच्या पेढ्यावरून ते कळत नाही. जुना माणूस मालकाला तोंडावर “हे चुकतंय, असं करू नका” असे सांगू शकतो का, आणि सांगितल्यावरही त्याची खुर्ची तिथेच राहते का, हे पाहावे. घरात तेवढी मुभा थोरल्यांना असते. त्याचा हक्काचा पैसा त्याने न मागता वेळच्या वेळी जमा होतो का, हे पाहावे. आणि शेवटी, तो गेल्यावर त्याची कुठे नोंद राहते का, हे पाहावे.

ही शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि नेमकी तीच राहून जाते. पन्नास-पंचाहत्तर वर्षे झाली की कंपन्या स्मरणिका काढतात. गुळगुळीत कागदावर संस्थापकांचे चरित्र, मंत्र्यांचे शुभसंदेश, नव्या इमारतीची छायाचित्रे. शेवटच्या पानावर कामगारांचा एक समूह-फोटो असतो आणि त्याखाली ‘आमचा कर्मचारीवर्ग’ एवढीच ओळ. डावीकडून तिसरा कोण, हे कोणीच लिहीत नाही. किर्लोस्करवाडीच्या शेजारच्या टापूत, औंध संस्थानातच, १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभारला. त्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाच्या उजेडात महाराष्ट्राच्या कित्येक घरांत मुलांनी परीक्षेचा अभ्यास केला. कंदिलांचा काळ सरला, कारखाना बंद पडला, ओगलेवाडी हे नाव उरले. पण ज्यांच्या फुंकरीने आणि भट्टीच्या धगीत त्या काचा घडल्या, ती माणसे त्यांच्या नातवंडांच्या आठवणीत असतील तर असतील.

तेव्हा यापुढे स्मरणिका काढताना मालकांनी चार पाने नावांसाठी राखावीत. नाव, गाव, काम, किती वर्षे. फाटकावरच्या माणसाचेही, आणि त्याच्या नावापुढेही तोच मान, जो ऑफिसातल्यांच्या नावापुढे लावला जातो. यात दानधर्म नाही. हा हिशेब आहे आणि हिशेब पुरा ठेवणे हे चांगल्या पेढीचे लक्षण मानले जाते.

आणि आपण, ज्यांच्या घरी असा एखादा निवृत्त दिवाणजी, फोरमन किंवा स्टोअरकीपर आरामखुर्चीत बसून हा अंक वाचत असेल, त्यांनी मालकाच्या स्मरणिकेची वाट पाहू नये. आज रविवार आहे. चहा झाल्यावर आजोबांजवळ बसावे आणि विचारावे, “तुमच्या वेळी कारखाना कसा होता?” पहिल्यांदा ते मालकांविषयीच बोलतील, कारण तशी सवय झालेली असते. थोडा वेळ जाऊ द्यावा. मग ते आपल्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाचे नाव घेतील. ते वहीत लिहून ठेवावे.