इंग्रजी उच्चारांचें सोवळें

इंग्रजी शिकविणारा शिक्षक वर्गांत दररोज दोन कामें करतो. अमुक रूप शुद्ध आणि तमुक अशुद्ध हें तो जाणूनबुजून सांगतो. दुसरें काम त्याच्या हातून नकळत होतें. अमुक रीतीनें बोलणारीं माणसें हुशार, सभ्य व विश्वासार्ह, आणि तमुक रीतीनें बोलणारीं अडाणी, असा ग्रह तो मुलांच्या मनांत रुजवितो. पहिल्या कामाला पाठ्यपुस्तक आहे, परीक्षा आहे, तपासनीस आहे. दुसऱ्याला ह्यांपैकीं कांहींच नाहीं, म्हणूनच तें अधिक पक्कें होतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हा ग्रह कोठून आला, तो कोणीं निर्माण केला आणि त्याची किंमत कोण मोजतो, हें विद्यार्थ्यांस उघडपणें शिकविल्यावांचून इंग्रजीचें शिक्षण अपुरें तर राहतेंच, पण अन्यायालाहि हातभार लावतें.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. बोली म्हणजे शब्द, प्रत्यय व वाक्यरचना ह्यांची एक व्यवस्था. हेल म्हणजे केवळ उच्चाराची धाटणी. प्रमाण इंग्रजी ही अनेक बोलींपैकींच एक बोली होय. राज्यकारभार, छापखाना व विद्यालयें ह्यांच्या आश्रयानें ती मोठी झाली. ती स्कॉटिश, आयरिश, यॉर्कशायरी किंवा मराठी अशा कोणत्याहि हेलांत निर्दोष बोलतां येते. असें असतां व्याकरणाची चूक आणि हेलाची भिन्नता ह्या दोहोंना एकाच काठीनें हांकण्याची वहिवाट शाळांतून पडली आहे.

हेलांत मुळांतच कांहीं उच्चनीच असतें काय, ह्याचा निकाल एका ‘र’काराच्या कथेनें लागण्यासारखा आहे. ‘कार’, ‘फोर्थ’ ह्यांसारख्या शब्दांत स्वरानंतर येणारा ‘र’ दक्षिण इंग्लंडांतील प्रतिष्ठित समाज उच्चारीत नाहीं. तो ठसठशीत उच्चारणारा सॉमरसेटकडील शेतकरी तेथें खेडवळपणाचा नमुना समजला गेला. आतां न्यूयॉर्कला चला. विल्यम लबॉव्ह ह्या भाषाशास्त्रज्ञानें १९६२ सालीं तेथील तीन मोठ्या दुकानांत जाऊन, ज्या वस्तु चौथ्या मजल्यावर मिळतात हें त्यास ठाऊक होतें, त्यांचीच चौकशी केली. हेतु हा कीं, ‘फोर्थ फ्लोअर’ हे शब्द उत्तरांत आपोआप यावेत. श्रीमंतांच्या दुकानांतील शेंकडा ६२, मध्यमवर्गाच्या दुकानांतील ५१ व स्वस्त दुकानांतील सुमारें २० नोकरांनीं एकदां तरी हा ‘र’ उच्चारला. म्हणजे ‘र’ गाळणें हें लंडनला कुलीनतेचें लक्षण आणि न्यूयॉर्कला तेंच गरिबीचें लक्षण! ‘र’ गाळण्यांत जर अंगचीच शोभा असेल, तर अटलांटिक महासागर ओलांडतांना ती बुडाली कशी? उत्तर उघड आहे. शोभा त्या ध्वनींत नव्हतीच. तो ध्वनि ज्यांच्या मुखांत होता त्यांच्या खिशांत ती होती.

इतिहास चाळला म्हणजे हेंच पुन्हां पुन्हां प्रत्ययास येतें. शब्दारंभींचा ‘ह’ गाळण्यावर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत टीकेचा भडिमार सुरू झाला. जॉन वॉकर ह्याच्या १७९१ सालच्या उच्चारकोशानें लंडनच्या सामान्य जनांच्या दोषांत त्याची गणना केली, आणि पुढल्या शतकांत नव्या श्रीमंतांना ‘ह’ शिकविण्यासाठीं स्वतंत्र पुस्तिका निघूं लागल्या. आज ज्याला अडाणीपणा म्हणतात तो दुहेरी नकार चॉसरच्या काव्यांत व शेक्सपिअरच्या नाटकांत सुखानें नांदतो; दोन नकार मिळून होकार होतो, हा हिशेब पुढें अठराव्या शतकांतील व्याकरणकारांनीं भाषेवर लादला. ‘आस्क’ ऐवजीं ‘आक्स’ म्हणणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन मुलाची अमेरिकेंत टवाळी होते; पण हीं दोन्हीं रूपें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत होतीं, आणि चॉसरला ‘आक्स’चें वावडें नव्हतें. कालचें काव्यांतलें रूप आज टिंगलीचा विषय होतें, कारण तें वापरणारीं माणसें बदललीं.

ज्याला जगभर ‘इंग्रजांचा उच्चार’ म्हणून मान मिळतो, तो कोणाचा आहे हेंहि पाहण्यासारखें आहे. डॅनिअल जोन्स ह्यांनीं १९१७ सालीं आपला प्रसिद्ध उच्चारकोश काढला, तेव्हां त्या उच्चाराला त्यांनीं ‘पब्लिक स्कूल’चा उच्चार असेंच नांव दिलें होतें, आणि इंग्लंडांत पब्लिक स्कूल म्हणजे सार्वजनिक शाळा नव्हे, तर भरमसाट फी देऊं शकणाऱ्या घराण्यांतील मुलांची निवासी शाळा. पुढें १९२६ सालीं बी. बी. सी.नें कवि रॉबर्ट ब्रिजेस ह्यांच्या अध्यक्षतेखालीं उच्चारसमिति नेमली, आणि हाच उच्चार आकाशवाणीच्या मार्गें घराघरांत पोंचला. १९४१ सालीं हॅलिफॅक्सचे विल्फ्रेड पिकल्स आपल्या यॉर्कशायरी हेलांत बातम्या वाचूं लागले, तेव्हां श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. बातमी तीच, शब्द तेच, व्याकरण निर्दोष. खटकला तो हेल. समाजाचा कान असा घडविला जातो. पीटर ट्रडगिल ह्यांच्या १९७४ सालच्या अंदाजाप्रमाणें हा प्रतिष्ठित उच्चार ब्रिटनमध्यें शेंकडा तीन लोकांचाच होता. उरलेल्या सत्त्याण्णवांच्या मुलांना शाळेनें काय सांगितलें?

१९२१ सालच्या न्यूबोल्ट समितीच्या अहवालांत त्याचें उत्तर मिळतें. घरीं व रस्त्यांत जडलेल्या बोलण्याच्या दुष्ट संवयींशीं शिक्षकाला झुंजावें लागतें, असा त्या अहवालाचा सूर आहे. घर व रस्ता! म्हणजे मुलाची आई आणि मुलाचा शेजार. हा सूर शंभर वर्षांपूर्वींचा म्हणून सोडून द्यावा, तर २०१३ सालीं बर्मिंगहॅमजवळच्या ‘ब्लॅक कंट्री’ ह्या भागांतील एका प्राथमिक शाळेनें स्थानिक बोलींतील दहा प्रयोगांची यादी काढून ते शाळेंत निषिद्ध ठरविले. त्यांत ‘कान्ट’ बद्दल येणारा ‘कॉर’ हा प्रयोग होता. ज्यांनीं ही यादी केली त्यांनीं एवढें तरी पाहावयास हवें होतें कीं, त्या बोलींत ‘कॅन’चें ‘कॉर’, ‘वॉज’चें ‘वॉर’ आणि ‘डिड’चें ‘डे’ असें स्वर पालटून नकार करण्याची एक पद्धतशीर रीति आहे. बोलीला व्याकरण नसतें असें म्हणणाऱ्यांनीं जोसेफ राइट ह्यांचें चरित्र वाचावें. १८५५ सालीं यॉर्कशायरमध्यें जन्मलेला हा मुलगा लहानपणींच गिरणींत मजुरी करूं लागला, वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. पुढें तो ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्यानें १८९२ सालीं आपल्याच गांवच्या बोलीचें व्याकरण लिहिलें, आणि १८९८ ते १९०५ ह्या काळांत इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश सिद्ध केला. शाळेला जें दुष्ट संवयींचें गांठोडें वाटतें, त्यांतूनच एका पंडितानें शास्त्र उभें केलें.

‘थोडी थट्टा झाली तर एवढें काय बिघडलें?’ असें कोणी विचारील. बिघडतें तें वर्गाबाहेर. डिक्सन, माहोनी व कॉक्स ह्या संशोधकांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना पोलिसांच्या जबानीचें ध्वनिमुद्रण ऐकविलें होतें. संशयित बर्मिंगहॅमच्या हेलांत बोलला, तेव्हां तो अपराधी असण्याचा संभव ऐकणाऱ्यांना अधिक वाटला. हेलावरून ज्या समाजांत माणूस गुन्हेगार दिसूं लागतो, तेथें नोकरीच्या मुलाखतींत काय होत असेल हें सांगावयास नको. आणि दाद कोठें मागावी? ब्रिटनच्या २०१० सालच्या समानतेच्या कायद्यांत वंश, धर्म, लिंग, वय ह्यांना संरक्षण आहे. त्या यादींत हेलाचें नांव नाहीं. ज्या पूर्वग्रहाला कायदा अडवीत नाहीं, त्याला अडविण्याचें स्थान शाळेवांचून दुसरें कोणतें?

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें प्रामाणिकपणें ऐकून घेऊं. जॉन हनी ह्यांनीं १९९७ सालच्या ‘लँग्वेज इज पॉवर’ ह्या ग्रंथांत तें जोरानें मांडलें आहे: सर्व बोली सारख्याच, असें गरिबांच्या मुलांना सांगणें म्हणजे त्यांना प्रमाण भाषेच्या लाभाला मुकविणें होय. ह्यांतील अर्धें म्हणणें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. प्रमाण इंग्रजी प्रत्येक मुलास उत्तम यावी. ती न शिकवितां बोलीचे गोडवे गाणारा शिक्षक मुलाची फसवणूकच करतो, आणि त्याचीं स्वतःचीं मुलें मात्र प्रमाण भाषा घरींच शिकतात. परंतु ह्यावरून बोलीचा तिरस्कार आवश्यक कसा ठरतो? मुलाच्या घरची भाषा हीन ठरविल्यानें तो प्रमाण भाषा लवकर शिकतो, असा अनुभव कोणाचा आहे? १९७९ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅन आर्बर येथील खटल्यांत न्यायाधीश चार्ल्स जॉइनर ह्यांच्यापुढें हाच प्रश्न आला. कृष्णवर्णीय मुलें वाचनांत मागें पडत होतीं. दोष मुलांच्या बोलीचा, हें उत्तर न्यायालयानें स्वीकारलें नाहीं. घरच्या बोलीची दखल घेऊन शिक्षकांनीं वाचन शिकवावें व त्यासाठीं शिक्षकांनाच तयार करावें, असा निर्णय झाला. शत्रु दारिद्र्य वाढविणारा आहे, म्हणून त्याची तलवार चालवावयास शिकवा, असें हनी म्हणतात. शिकवूंच, पण ती तलवार आहे, हेंहि मुलाला सांगूं. तें लपविण्यांत कोणाचें हित आहे?

हित कोणाचें तें इंग्लंडच्या सरकारनें एकदां दाखवूनहि दिलें. १९८९ सालीं रोनाल्ड कार्टर ह्यांच्या नेतृत्वाखालीं शिक्षकांना भाषेचें ज्ञान देण्याची एक मोठी योजना सुरू झाली. तींत बोली, हेल व समाज ह्यांच्या संबंधांवर साहित्य तयार झालें. शुद्धलेखन व व्याकरण ह्यांच्या कवायतीची अपेक्षा करणाऱ्या सरकारनें १९९१ सालीं तें प्रसिद्ध करण्यास नकार दिला. भाषेच्या प्रतिष्ठेची चौकशी मुलांनीं करावी, हें सत्ताधाऱ्यांना रुचणारें नव्हतें. आज हा विषय तेथें शिकविला जातो खरा, पण ए-लेव्हलला ‘इंग्रजी भाषा’ हा विषय स्वेच्छेनें निवडणाऱ्या थोड्यांना. सर्वांसाठीं असलेल्या खालच्या परीक्षेंत २०१० सालीं बोलभाषेच्या अभ्यासाला जागा मिळाली होती. २०१५ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमांत ती गेली. ज्या मुलाला हेलावरून तोललें जाणार, तो बहुधा त्या थोड्यांत नसतोच.

हें शिकविणें अवघड आहे अशीहि सबब नको. मॉन्ट्रियलला वॉलेस लॅम्बर्ट ह्यांनीं १९६० सालीं वापरलेली युक्ति कोणत्याहि वर्गांत करतां येईल: एकाच माणसाकडून एकच उतारा दोन भाषांत किंवा दोन हेलांत वाचवून घ्यावा, मुलांना ते दोन निरनिराळे वक्ते वाटूं द्यावेत, आणि प्रत्येक वक्ता किती हुशार, किती प्रेमळ, हें त्यांच्याकडून लिहवून घ्यावें. मग रहस्य सांगावें. पूर्वग्रह म्हणजे काय, हें त्या क्षणीं मुलांना जितकें समजेल तितकें दहा व्याख्यानांनीं समजणार नाहीं.

हा सारा प्रश्न परक्यांचा, असें मानण्याची सोय मराठी वाचकास नाहीं. आपल्या शाळांनीं उराशीं धरला तो जोन्सच्या कोशांतला उच्चार; आणि ह्या शतकाच्या आरंभीं पुण्या-मुंबईच्या कॉल-सेंटरांतून तरुणांना आपला हेल पुसून टाकण्याचे वर्ग भरूं लागले. परंतु आपल्याच घरांत काय चालतें? ‘पानी’ म्हणणारा वऱ्हाडी किंवा खानदेशी मुलगा पुण्याच्या वर्गांत हंसूं ऐकतो. तोच ‘न’ मराठी मुलुखाची हद्द ओलांडून हिंदींत गेला कीं शुद्ध ठरतो. आणि संस्कृत ‘पानीय’ शब्दांतहि ‘न’च आहे! लंडन आणि न्यूयॉर्क ह्यांच्यामधला जो ‘र’, तोच नागपूर आणि जबलपूर ह्यांच्यामधला हा ‘न’. इंग्रजीच्या तासाला ही तुलना केली तर इंग्रजीहि समजेल आणि मराठीहि.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. इंग्रजीच्या प्रत्येक अभ्यासक्रमांत, ऐच्छिक नव्हे तर सक्तीचा, एक भाग असावा: बोली व हेल कसे होतात, त्यांना मान वा अपमान कोण देतो, आणि त्याचे परिणाम कोणाला भोगावे लागतात. प्रमाण इंग्रजी मुलाच्या मुखांत घालण्याचा शिक्षकाला अधिकार आहे, नव्हे, तें त्याचें कर्तव्यच आहे. त्या मुलाच्या आईचें मुख ओंवळें ठरविण्याचा अधिकार मात्र त्याला कोणीं दिलेला नाहीं.