परदेशी परवान्याआधी देशातली नोंद : झाशीतील मानसशास्त्र पदव्युत्तरांचे निवेदन

स्थळ : झाशी (उत्तर प्रदेश)

प्रति,
माननीय श्री. प्रतापराव जाधव,
राज्यमंत्री, आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : मानसशास्त्रातील एम.ए. व एम.एस्सी. पदवीधरांची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद होण्याबाबत आणि परदेशी परवान्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे देशातच मिळण्याबाबत.

संदर्भ : 1) राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, 2021. 2) भारतीय पुनर्वास परिषद कायदा, 1992. 3) मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017.

महोदय,

झाशीहून दिल्लीला आलेले हे निवेदन मराठीत आहे, याचे आपल्या कार्यालयात कदाचित नवल वाटेल. संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाणे मांडणाऱ्याला संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. शिवाय आपण बुलढाण्याचे, त्यामुळे मूळ मजकुराला दुभाषा लागणार नाही. टिप्पणी लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी हिंदी प्रत सोबत जोडली आहे.

आम्ही सह्या करणारे झाशीत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेल्या मराठी घरांतले आहोत. काहींनी बुंदेलखंड विद्यापीठाची पदवी घेतली, काहींनी इग्नूतून एम.ए. केले, काही पुण्या-मुंबईला नातेवाइकांकडे राहून शिकले. विषय सगळ्यांचा मानसशास्त्र. यांतली काही मुले-मुली आज दुबई, लीड्स, मेलबर्न, टोरांटो इथे आहेत आणि काही जाण्याच्या तयारीत आहेत. सह्यांत पालकांच्याही सह्या दिसतील. शिक्षणकर्जाचे हप्ते बहुतेक घरांत तेच भरतात.

परदेशात परवान्याचा अर्ज भरताना पहिल्याच पानावर विचारले जाते, "तुमच्या देशात तुमची नोंदणी कोणत्या संस्थेकडे आहे?" याच शहरातली एखादी परिचारिका दुबईला निघाली तर ती राज्याच्या परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहिते, परिषद तिच्या चांगल्या वर्तनाचे, म्हणजे गुड स्टँडिंगचे प्रमाणपत्र देते आणि तिचे प्रकरण पुढे सरकते. मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या तिच्या बहिणीला तो रकाना रिकामा सोडावा लागतो. दुबई आरोग्य प्राधिकरणासारख्या संस्था अर्जदाराची कागदपत्रे डेटाफ्लो या पडताळणी संस्थेमार्फत मूळ ठिकाणी पडताळून घेतात. पदवी विद्यापीठाकडे पडताळता येते, अनुभव मालकाकडे पडताळता येतो. पण गुड स्टँडिंगचे प्रमाणपत्र नोंदणी करणाऱ्या संस्थेनेच द्यायचे असते. अशी संस्थाच आमच्यासाठी आजवर नव्हती.

पुनर्वास परिषद आहे, हे आम्हांला माहीत आहे. तिच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद होते आणि 2017 च्या कायद्यातली व्याख्याही त्याच अर्हतेभोवती बांधलेली आहे. पण ते दार आजवर दोन वर्षांच्या एम.फिल.मधून उघडत होते आणि त्याच्या जागा मोजक्याच. झाशीपासून जवळच्या मोठ्या मनोरुग्ण संस्था म्हणजे शंभर किलोमीटरवरची ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा आणि त्यापुढचे आग्र्याचे मानसिक आरोग्य संस्थान व रुग्णालय. ज्यांना एम.फिल.ला प्रवेश मिळाला नाही, ते शाळेत समुपदेशक झाले, स्वयंसेवी संस्थांत गेले, कुणी व्यसनमुक्ती केंद्रात, कुणी कंपनीच्या मनुष्यबळ विभागात. काम मानसशास्त्राचेच, पण त्या कामाला नोंदवही नाही. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच संपवली. विद्यापीठ अनुदान आयोगाने क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला 2025-26 या शैक्षणिक वर्षापर्यंतच मुदतवाढ दिली आणि पुनर्वास परिषदेने तिच्या जागी क्लिनिकल सायकॉलॉजीचे एम.ए. व साय.डी. असे नवे अभ्यासक्रम आणले.

बदल योग्य असेलही. त्यातून एक विचित्र स्थिती मात्र उभी राहिली आहे. एका एम.ए.ला नोंदणी मिळणार आणि दुसऱ्या एम.ए.ला मिळणार नाही. दोन्ही प्रमाणपत्रांवर मानसशास्त्र हा शब्द, दोन्ही दोन वर्षांच्या पदव्या. हा फरक दिल्लीत बसलेल्यांना स्पष्ट आहे; लंडनच्या किंवा अबुधाबीच्या टेबलावर तो कोण समजावून सांगणार? अर्जदार स्वतः समजावू लागला, तर त्याच्या शब्दाला तिथे काय वजन?

2021 चा कायदा आला तेव्हा आम्हांला खरोखर आशा वाटली होती. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यविज्ञानाच्या वर्गात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक या व्यवसायांची नावे आहेत. पुनर्वास परिषदेच्या कक्षेतले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तेवढे वगळले आहेत. म्हणजे ज्यांचे कुणीच नव्हते त्यांच्यासाठीच हा कायदा, असा आमचा समज झाला. नंतर अंमलबजावणी रेंगाळली. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना 12 ऑक्टोबर 2024 ही मुदत घालून द्यावी लागली. त्या तारखेनंतरही, आपण कोणत्या अर्हतेवर, कोणत्या परिषदेकडे अर्ज करायचा, याचे खात्रीशीर उत्तर झाशीतल्या एम.ए. झालेल्या मुलीला महाविद्यालयात मिळत नाही आणि जिल्हा रुग्णालयातही मिळत नाही.

याच कायद्यात आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण दडलेली आहे आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या व्याख्येत किमान 3,600 तासांच्या, तीन ते सहा वर्षांत विभागलेल्या पदवीची अट आहे. आमच्या बहुतेकांची बी.ए. ही तीन विषयांची पदवी. मानसशास्त्र हा त्यांतला एक विषय, शेजारी हिंदी साहित्य किंवा समाजशास्त्र. मग 3,600 तास मोजायचे कुठून? बी.ए.चे एक तृतीयांश धरायचे, की एम.ए.पासून सुरुवात करायची, की दोन्हींची बेरीज? आमच्या गुणपत्रिकांवर तासांचा उल्लेखच नसतो. पेपर आणि गुण असतात. प्रात्यक्षिकाच्या वहीत बुद्धिमत्तेच्या नि व्यक्तिमत्त्वाच्या किती चाचण्या घेतल्या ते लिहिलेले असते. किती माणसांसोबत, कुणाच्या देखरेखीखाली, किती तास बसलो, ते कुठेच नसते.

परदेशात तर सगळी मोजणी तासांचीच. अमेरिकेत सायकॉलॉजिस्ट व्हायला बहुतेक राज्यांत डॉक्टरेट लागते. पदव्युत्तरांसाठी परवानाधारक समुपदेशकाचा वेगळा मार्ग आहे आणि तिथल्या मानांकित अभ्यासक्रमांत 100 तासांचे प्रॅक्टिकम व 600 तासांची इंटर्नशिप धरलेली असते. कॅनडातल्या अल्बर्टात पदव्युत्तर पदवीवर सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होऊ शकते, पण 1,600 तास देखरेखीखालच्या कामाचे आणि शिवाय परीक्षा. त्याच देशातल्या क्वेबेकमध्ये 2006 पासून डॉक्टरेटशिवाय चालत नाही. ब्रिटनमध्ये नुसता 'सायकॉलॉजिस्ट' हा शब्द कायद्याने राखीव नाही, मात्र क्लिनिकल, कौन्सेलिंग, एज्युकेशनल अशी विशेषणे लागली की हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलची नोंदणी सक्तीची. ही संस्था अभ्यासक्रमाचा तपशील शिकवणाऱ्या संस्थेकडून मागते. ऑस्ट्रेलियात 'सायकॉलॉजिस्ट' हे नावच राखीव असून त्यामागे शिक्षण व प्रशिक्षणाची एकूण सहा वर्षे धरलेली असतात.

या अटी जाचक आहेत, असे आम्ही म्हणत नाही. माणसाच्या मनाशी काम करणाऱ्याची पारख कडक असावी, हेच बरे. आमचे म्हणणे एवढेच की त्या मोजमापात आमचे माप आहे तेवढे तरी धरले जावे. लीड्समध्ये असलेल्या आमच्यातल्या एकीच्या अर्जासोबत अभ्यासक्रमाचे विवरण हवे होते. तिने जिथून पदवी घेतली तिथल्या कार्यालयाने अशा कागदाचे नावही ऐकले नव्हते. तिच्या वडिलांनी खेटे घातले आणि अखेर विभागातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी घरी बसून जुन्या पाठ्यक्रमावरून टिपण तयार करून दिले. त्यावर शिक्का कुणाचा, हा प्रश्न तरीही उरलाच. आज ती वृद्धांच्या निवासात मदतनीस आहे. त्या कामाला आम्ही कमी लेखत नाही; पण त्यासाठी एम.ए. करायची गरज नव्हती.

आमच्या मागण्या अशा.

पहिली आणि मुख्य मागणी नोंदवहीची. राष्ट्रीय आयोगाने मानसशास्त्रातील एम.ए. व एम.एस्सी. पदवीधरांच्या नोंदणीची अर्हता, पद्धत आणि मुदत स्पष्ट शब्दांत जाहीर करावी. 2021 पूर्वी आणि नवा अभ्यासक्रम लागू होईपर्यंत पदवी घेतलेल्यांसाठी तासांच्या अटीचा अर्थ लावून द्यावा. बी.ए.तील मानसशास्त्राचा भाग, एम.ए., आणि त्यानंतरचा प्रमाणित कामाचा अनुभव यांची एकत्रित मोजणी व्हावी. ज्यांचे तास कमी पडतील त्यांना सरळ नाकारू नये. ग्वाल्हेर, आग्रा आणि झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी देखरेखीखालचे पूरक प्रशिक्षण घेऊन तूट भरून काढण्याची सोय द्यावी. आम्हांला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणा, अशी आमची मागणी नाही आणि ती असूही नये. ज्या नावाचे प्रशिक्षण आम्ही घेतले नाही ते नाव मागणे म्हणजे रुग्णाची फसवणूक. जे शिकलो आहोत, त्याला नाव आणि क्रमांक हवा.

नोंदणीसोबतच गुड स्टँडिंगचे प्रमाणपत्र ठरावीक दिवसांत, ऑनलाइन पडताळता येईल अशा रूपात मिळावे. परदेशी परवाना संस्थांनी पाठवलेल्या पडताळणीच्या पत्रांना उत्तर देण्याची जबाबदारी आयोगातल्या एका नेमून दिलेल्या कक्षाकडे असावी.

दूरशिक्षणातून पदवी घेतलेल्यांचा प्रश्न वेगळा सांगावा लागतो. 2025 मध्ये अनुदान आयोगाने 2021 च्या कायद्याखाली येणाऱ्या विषयांचे, त्यात मानसशास्त्राचेही, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण बंद केले. पुढचे प्रवेश बंद झाले याबद्दल आमची तक्रार नाही. देखरेखीखालचे काम पोस्टाने शिकता येत नाही. पण ज्यांनी मान्यता असताना, शुल्क भरून, परीक्षा देऊन पदवी मिळवली, त्यांच्याकडे आता संशयाने पाहिले जाते. त्या पदव्या वैध आहेत आणि नोंदणीसाठी त्यांचा विचार होईल, असे लेखी स्पष्टीकरण राष्ट्रीय आयोगाने द्यावे. परदेशी अर्जाला जोडता येईल असा एक कागद पुरेसा आहे.

विद्यापीठांना अनुदान आयोगामार्फत सूचना जावी की मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तासांसह ट्रान्सक्रिप्ट, त्या-त्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत आणि देखरेखीखालच्या कामाची नोंदवही द्यावी. यासाठी नवे अनुदान लागत नाही. एक नमुना आणि एक जबाबदार कारकून लागतो.

परराष्ट्र मंत्रालयाशी बोलून करायची एक गोष्टही आहे. पदवीधरांच्या पासपोर्टवर परदेशगमनाच्या मंजुरीची अट नसते, त्यामुळे कामगारांसाठी असलेले प्रस्थानपूर्व मार्गदर्शन आमच्या वाट्याला येत नाही. सुशिक्षिताला सल्ल्याची गरज नाही, असे गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात कोणत्या देशात कोणत्या पदवीवर कोणते पद मिळते, हे आम्हांला खासगी सल्लागारांकडून, पैसे मोजून आणि बऱ्याचदा अर्धेच कळते. देशवार माहितीपत्रक मंत्रालयाने प्रसिद्ध करावे. तसेच मार्च 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेल्या पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेने पुढच्या शिक्षणाचा मार्ग सुकर केला, पण व्यवसायाचा परवाना तिच्या बाहेरच राहिला. पुढच्या वाटाघाटींत या व्यवसायाचा मुद्दा यावा.

इथल्या गरजा सोडून परदेशाच्या वाटा का मागता, असे आम्हांला विचारले जाईल. विचारणे रास्तच आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांमध्ये 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नसल्याचे दिसले होते आणि बुंदेलखंडात राहून ते आकडे खोटे वाटायचे कारण नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा असे सांगितले. पण पात्र कोण, हे सांगणारी नोंदवही नसल्यावर झाशीतला मुख्याध्यापक कुणाला नेमणार? तो एखाद्या शिक्षकालाच जादा काम देतो. परदेशी जाणाऱ्याला जो क्रमांक हवा आहे, तोच इथे राहणाऱ्यालाही हवा आहे. परत येणाऱ्यालाही हवा आहे. मेलबर्नमध्ये काम केलेली व्यक्ती उद्या झाशीत परतली, तर आज तिची नोंद करणारे इथे कुणी नाही.

एका पदवीधराचा प्रश्न सध्या आरोग्य, सामाजिक न्याय, शिक्षण आणि परराष्ट्र अशा चार मंत्रालयांत विभागला गेला आहे. या चौघांची एक संयुक्त बैठक आपल्या अध्यक्षतेखाली व्हावी आणि तिचे इतिवृत्त आम्हांला कळवावे, ही विनंती. आमच्यापैकी दोघे-तिघे स्वखर्चाने दिल्लीला येऊन म्हणणे मांडायला तयार आहेत. झाशीहून सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारपर्यंत मंत्रालयात पोहोचता येते.

सोबत : निवेदनाची हिंदी प्रत, सह्यांची यादी, नाकारलेल्या अर्जांच्या उत्तरांच्या प्रती (नावे झाकून), अभ्यासक्रम-विवरणाचा सुचवलेला नमुना.

आपले विश्वासू,
झाशीतील मराठी कुटुंबांतील मानसशास्त्र पदव्युत्तर पदवीधर व पालक

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
अध्यक्ष, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग, नवी दिल्ली
सचिव, विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली
कुलसचिव, बुंदेलखंड विद्यापीठ, झाशी