अपडेटनंतर एसएसडी ‘गायब’: कंपन्यांना दोष सापडला नाही, म्हणजे तो नव्हताच का?

ऑगस्ट २०२५ मध्ये विंडोज ११ चं एक सुरक्षा अपडेट आलं. काही दिवसांतच जपानमधल्या एका युजरची पोस्ट जगभर फिरली. अपडेटनंतर खूप मोठा डेटा एकदम कॉपी केला की एसएसडी कॉम्प्युटरला दिसेनाशी होते, असा त्याचा दावा होता.

एसएसडीचे कंट्रोलर बनवणाऱ्या तैवानच्या फायसन कंपनीने ४,५०० तासांहून जास्त चाचण्या केल्या. दोष पुन्हा घडवून आणता आला नाही, असं तिने सांगितलं. अपडेटचा या बिघाडांशी संबंध आढळला नाही, असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं.

मग युजर खोटं बोलत होते की कंपन्या लपवत होत्या? असा निष्कर्ष काढण्याआधी २०१८ मधलं एक प्रकरण बघू.

तेव्हा काय झालं होतं?

ऑक्टोबर २०१८ मध्ये लिनक्सची ४.१९ आवृत्ती आली. त्यानंतर काही जणांच्या फाइल्स खराब होऊ लागल्या. संशय गेला फाइल्सची व्यवस्था बघणाऱ्या ‘ईएक्सटी४’वर. तिचे प्रमुख डेव्हलपर थिओडोर त्सो यांच्या चाचण्यांमध्ये मात्र काहीच दिसेना.

खरा दोष एक पायरी खाली होता, डिस्ककडे कामं पाठवणाऱ्या कोडमध्ये.

किराण्याचं उदाहरण घ्या. तुम्ही पाच वस्तू सांगितल्या, दुकानदाराने यादी लिहिली. पण पोऱ्या बाहेर गेलाय, म्हणून ऑर्डर थांबली. तेवढ्यात शेजारच्यांच्या तीन वस्तू त्याच ऑर्डरमध्ये टाकल्या, पण यादी जुनीच राहिली. पोऱ्या पाचच वस्तू पोचवतो आणि वहीत मात्र आठही पोचल्याची नोंद होते.

लिनक्समध्ये हेच झालं. डिस्क ‘बिझी’ असली की काम रांगेत परत यायचं, तिथे त्याला दुसरं काम जोडलं जायचं, पण आधी तयार झालेली यादी बदलायची नाही. उरलेल्या जागी कचरा डेटा राहायचा.

मग तो सापडत का नव्हता?

कारण डिस्क नेमकी त्याच क्षणी बिझी हवी, जोडण्याजोगं काम त्याच वेळी यायला हवं आणि कामांचा क्रम लावणारा शेड्युलर बंद हवा. तिन्ही जुळलं तरच गडबड. शिवाय तपासासाठी जादा नोंदी ठेवायला लागलं की वेळेचं गणित बदलतं आणि कधी कधी दोषच दिसेनासा होतो. अशा दोषांना गमतीने ‘हायझेनबग’ म्हणतात.

शेवटी ज्यांच्या मशीनवर दोष दिसत होता, अशा युजरनी जुन्या-नव्या आवृत्त्यांमधले बदल निम्मे-निम्मे करत तपासले आणि संशयित बदल शोधला. डिसेंबरमध्ये ४.१९.८ मध्ये दुरुस्ती आली. ईएक्सटी४ निर्दोष ठरली.

यातून काय घ्यायचं?

यावरून विंडोजमध्ये दोष होताच, असं सिद्ध होत नाही. व्हायरल पोस्ट हा पुरावा नाही. पण ‘आम्हाला सापडलं नाही’ याचा अर्थही एवढाच, की त्या चाचण्यांच्या परिस्थितीत सापडलं नाही.

म्हणून असं काही घडलं तर नुसता स्क्रीनशॉट टाकू नका. डिस्कचं मॉडेल, फर्मवेअर, ती किती भरली होती आणि तेव्हा नेमकं काय चाललं होतं, हे लिहून कंपनीला कळवा. दोष पकडायला तोच तपशील लागतो.

आणि बॅकअप? तो आजच घ्या, दुसऱ्या डिस्कवर.